दंतकथा छापण्याआधी पॉम्पीला विचारलंत का?

जॉन फोर्ड या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' हा कृष्णधवल चित्रपट एप्रिल १९६२ मध्ये आला. वेस्टर्न म्हणजे घोडे, पिस्तुले, धूळ आणि भर रस्त्यात समोरासमोर झाडलेली गोळी, एवढीच ज्यांची ओळख आहे त्यांनीही या चित्रपटातले एक वाक्य कुठे ना कुठे ऐकलेले असते. चित्रपटाच्या शेवटी एक संपादक सांगतो, की पश्चिमेत दंतकथाच वस्तुस्थिती होऊन बसली असेल तर आम्ही दंतकथाच छापतो. साठ वर्षे हे वाक्य सुविचारासारखे फिरते आहे. आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांत, रविवारच्या पुरवण्यांत, इतिहासाच्या वादात 'शेवटी समाजाला मिथक लागतेच हो' असे म्हणत मान डोलावणाऱ्यांच्या तोंडी ते हमखास असते.

आमचे भांडण त्या मान डोलावण्याशी आहे. हा चित्रपट आम्ही एकदा नाही, चार वेळा पाहिला आहे. चांगला आहे. पण त्याच्यावर जे लिहिले जाते ते वाचून प्रश्न पडतो, की या मंडळींनी पडद्याचा अर्धा भाग झाकून चित्रपट पाहिला की काय?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. रॅन्सम स्टोडर्ड हा म्हातारा सिनेटर बायकोला, हॅलीला, घेऊन रेल्वेने शिनबोन नावाच्या लहान गावात उतरतो. कशासाठी, तर टॉम डॉनिफन नावाच्या कुणा माणसाच्या मयतीला. गावात आता कुणाला हा टॉम आठवत नाही. पेटी सरकारी खर्चातली, साध्या फळकुटांची. मयताचे बूटसुद्धा काढून घेतलेले. एवढा मोठा सिनेटर या बेवारशासाठी का आला, असे स्थानिक संपादक हट्टाने विचारतो आणि सिनेटर खरी हकीकत सांगायला बसतो. तरुणपणी तो वकिलीची पुस्तके घेऊन पश्चिमेत आला. वाटेतच लिबर्टी व्हॅलन्स या गुंडाने त्याला चाबकाने फोडून काढले आणि त्याची पुस्तके फाडली. टॉमने त्याला उचलून गावात आणले. स्टोडर्डने खाणावळीत भांडी घासली, गावकऱ्यांसाठी शाळा काढली, प्रदेशाला राज्याचा दर्जा मिळावा म्हणून चळवळ केली. शेवटी व्हॅलन्सशी रस्त्यात गाठ पडली, व्हॅलन्स मेला, आणि 'व्हॅलन्सला मारणारा माणूस' या कीर्तीवर स्टोडर्ड गव्हर्नर झाला, सिनेटर झाला, राजदूत झाला. प्रत्यक्षात गोळी त्याची नव्हतीच. गल्लीच्या अंधारातून टॉमने रायफल झाडली होती. हे सारे ऐकून संपादक टिपणे फाडतो, शेगडीत टाकतो आणि ते प्रसिद्ध वाक्य म्हणतो.

यावर दोन प्रकारचे लिखाण होते. पहिला प्रकार म्हणतो की राष्ट्र उभारायला खोटे लागते, म्हणून संपादक शहाणा. दुसरा म्हणतो की कायद्याच्या पुस्तकामागे शेवटी बंदूकच असते, म्हणून टॉम थोर आणि स्टोडर्ड उपरा. दोन्ही प्रकारांचे डोळे शेवटी एकाच जागी पाणावतात: बिचारा टॉम! एवढे करून विसरला गेला.

आता आम्ही विचारतो. टॉमने अंधारातून गोळी झाडली ती रायफल त्याच्या हातात कुणी फेकली?

पॉम्पीने. टॉमच्या पदरी असलेला कृष्णवर्णीय माणूस. टॉम हाक मारतो आणि पॉम्पी रायफल झेलायला देतो. ही गोळी दोघांची आहे. खाणावळीत व्हॅलन्स आणि टॉम समोरासमोर येतात तेव्हाही स्वयंपाकघराच्या दारात बंदूक घेऊन पॉम्पी उभा असतो. प्रतिनिधी निवडण्यासाठी दारूच्या गुत्त्यात गावाची सभा भरते तेव्हा पॉम्पी बाहेर पायरीवर बंदूक मांडीवर घेऊन बसतो. आत लोकशाही चालली आहे आणि तिचा पहारेकरी उंबऱ्याबाहेर आहे. आत कोण आहे? कालपरवा स्वीडनहून आलेला खाणावळवाला आहे, नागरिकत्वाचे कागद अभिमानाने मिरवणारा. त्याला मत आहे. त्याची बायको आणि हॅली खाणावळ सांभाळतात, त्यांना नाही. आणि पॉम्पीचा तर विषयही निघत नाही.

गोष्ट पुढे ऐका. हॅली स्टोडर्डची झाली हे कळल्यावर टॉम पिऊन तर्र होतो आणि पॉम्पीलाही प्यायला बोलावतो. गुत्तेवाला म्हणतो की याला इथे देता येत नाही. टॉम ओरडतो, पॉम्पी त्याला समजावून घरी नेतो. घरी टॉम हॅलीसाठी बांधलेल्या खोलीला स्वतःच आग लावतो आणि त्या आगीतून त्याला ओढून काढतो तो पॉम्पी. अनेक वर्षांनी त्याच टॉमच्या पेटीशेजारी एकटा बसलेला कोण? पॉम्पीच. आणि निघताना सिनेटरसाहेब काय करतात? मटणाचे तुकडे घे म्हणून त्याच्या हातात नोटा कोंबतात.

वुडी स्ट्रोड या नटाने ही भूमिका केली. जन्म १९१४चा, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी तो ४७ वर्षांचा होता. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधली वर्णबंदी १९४६ मध्ये ज्यांनी मोडली त्या पहिल्या खेळाडूंपैकी तो एक. अशा माणसाला पडद्यावर टॉम 'पोऱ्या' म्हणून हाक मारतो. आणि नाव तरी काय, पॉम्पी! अमेरिकेतले गुलामांचे मालक थट्टेने रोमन सेनापतींची नावे गुलामांना ठेवत: सीझर, पॉम्पी. ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या पिढीत धोंड्या, कचरू, दगडी अशी नावे होती त्यांना नावातला हा अपमान समजावून सांगावा लागत नाही.

पण या चित्रपटातला आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रसंग बंदुकीचा नाहीच. तो शाळेचा आहे.

स्टोडर्डने पीबडी या संपादकाच्या छापखान्याला लागून असलेल्या खोलीत वर्ग काढला आहे. फळ्यावर लिहिले आहे की शिक्षण हा कायदा-सुव्यवस्थेचा पाया आहे. बाकांवर मार्शलची मिश्र रक्ताची मुले, खाणावळीतल्या बायका, मोठी माणसे, आणि पॉम्पी. मागे भिंतीवर लिंकनची तसबीर. स्टोडर्ड पॉम्पीला उभा करून देशाच्या मूलभूत कायद्याबद्दल विचारतो. पॉम्पी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे शब्द म्हणू लागतो, आणि सर्व माणसे समान आहेत या ओळीपाशी अडखळतो. स्टोडर्ड ओळ पुरी करतो आणि म्हणतो, असू दे, तो भाग पुष्कळ लोक विसरतात.

या वाक्यावर सभ्य प्रेक्षक हळूच हसतात. फोर्डने किती सूक्ष्म टोला मारला म्हणून समीक्षक खूश होतात. आम्हीही टोला मान्य करतो. १९६२ हे साल लक्षात घ्या. त्याच वर्षी शरद ऋतूत जेम्स मेरेडिथ या एका काळ्या विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठात बसवण्यासाठी केंद्राला सैन्य पाठवावे लागले. पण फोर्डसाहेब, विसरायचे काम तुम्ही पॉम्पीवर का टाकलेत? ती ओळ लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. विसरला तो. ज्याच्या पाठीवर ती ओळ न पाळल्याचे वळ आहेत, तो ती कशी विसरेल?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत हा चित्रपट दाखवला तेव्हा दहावीतल्या एका मुलीने नेमके हेच विचारले. "सर, त्याला तर हीच ओळ पाठ असणार ना?" कुठल्याही फिल्म सोसायटीच्या पत्रकात आम्ही हा प्रश्न वाचलेला नाही.

त्या प्रसंगाचा पुढचा भाग तर बहुतेक लेखांत येतच नाही. ओळ पुरी होते न होते तोच टॉम आत येतो. पॉम्पीला सर्वांसमोर झापतो, की इथे वेळ काय घालवतोस, कामाला लाग. पॉम्पी वर्गातून निघून जातो. व्हॅलन्सचे गुंड जमताहेत ही बातमीही टॉम आणतो, वर्ग उधळतो, आणि स्टोडर्ड स्वतःच फळ्यावरचे ते वाक्य पुसून टाकतो. टॉम दुष्ट नाही. तो पॉम्पीसाठी गुत्तेवाल्याशी भांडेल, त्याच्या जिवाला जीव देईल. फक्त त्याला शाळेत बसू देणार नाही. असा भला मालक आपण गावोगाव पाहिला आहे. आपल्या गड्याला तो दिवाळीला धोतर देतो, दवाखान्यात नेतो, आणि गड्याच्या पोराने कॉलेजात नाव घातले की मात्र त्याच्या कपाळावर आठी पडते.

टॉमची भूमिका जॉन वेनने केली. याच जॉन वेनने १९७१ मध्ये 'प्लेबॉय' मासिकाला मुलाखत दिली. काळे लोक जबाबदारी घेण्याइतके शिकत नाहीत तोवर गोऱ्यांचेच वर्चस्व असावे, असे आपण मानतो, हे त्याने उघड सांगितले. मूळ रहिवाशांकडून जमीन घेतली त्यात काही गैर नव्हते, ते लोकच स्वार्थीपणे ती धरून बसले होते, असेही म्हणाला. पडद्यावर पॉम्पीला वर्गाबाहेर काढणारा माणूस नऊ वर्षांनी म्हणतो की हे शिकलेले नाहीत. शाळेचे दार लावून घ्यायचे आणि मग निरक्षर म्हणून हिणवायचे! ही रीत आपल्याला नवी नाही, तिचे अमेरिकन बोलणे फक्त नवे आहे.

आता पुन्हा त्या संपादकाकडे. मॅक्सवेल स्कॉट त्याचे नाव. सिनेटरची मुलाखत मिळणे हा आपला हक्क आहे असे तो ठणकावतो. हकीकत सांगितली जाते त्या खोलीच्या भिंतीपलीकडे टॉमची पेटी आहे आणि पेटीजवळ पॉम्पी बसलेला आहे. व्हॅलन्सच्या मृत्यूचा तो प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. टॉम गेला. आता ती गोळी कुठून आली हे डोळ्यांनी पाहिलेला दुसरा माणूस जगात उरलेला नाही. स्टोडर्डने स्वतः पाहिले नव्हते. त्याला टॉमने नंतर सांगितले, म्हणजे त्याची साक्ष ऐकीव. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की माहिती कुणाकडून घ्यायला हवी होती. पण संपादक दहा पावले चालून पॉम्पीला एक प्रश्न विचारत नाही. त्याने दंतकथा छापायचे ठरवले की सत्य, हा वाद नंतरचा. सत्य म्हणून त्याच्यापुढे जे आले तेही सिनेटरच्या तोंडून आले. ज्यांना या चित्रपटात 'दंतकथा विरुद्ध सत्य' दिसते त्यांना आम्ही सांगू इच्छितो, की दोन्ही बाजूंनी साहेबच बोलताहेत.

'अहो, पण हा चित्रपट आहे, त्यात तुम्ही जात-वर्ण कशाला आणता?' हा आक्षेप येणारच. आणला आम्ही नाही. पायरीवर बसवलेला माणूस दिग्दर्शकाने बसवला आहे, लिंकनची तसबीर त्यानेच टांगली आहे. तुम्ही पाहिले नाही एवढेच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तो असा, की खरी पश्चिम अशीच होती, तिथे पॉम्पीसारख्यांना मुळात स्थानच नव्हते, मग चित्रपटाने काय करावे? हे साफ खोटे आहे. इतिहासकारांचा अंदाज आहे की गुरांचे तांडे हाकणाऱ्या काउबॉयांपैकी दर चारांमागे एक काळा होता. गुलामीत जन्मलेला बॅस रीव्ह्ज १८७५ पासून न्यायाधीश पार्कर यांच्या हाताखाली उपमार्शल होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. वॉरंट दुसऱ्याकडून वाचून घेऊन तो पाठ करी आणि मैलोन् मैल फिरून गुन्हेगार जिवंत पकडून कोर्टापुढे उभे करी. शिनबोनच्या मार्शलचे काम काय, तर फुकटचे जेवणे आणि व्हॅलन्स आला की पळणे. प्रेक्षक त्याला हसतात. खऱ्या पश्चिमेत कायदा चालवणारा काळा मार्शल होता, तो हॉलिवूडला दिसायला कित्येक दशके लागली.

आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे त्या राज्याच्या दर्जाचे काय? चित्रपटात प्रदेशाचे नाव सांगत नाहीत. पण नदीचे नाव सांगतात: पिकेटवायर. शिनबोन काल्पनिक असले तरी ही नदी खरी आहे. आग्नेय कोलोरॅडोतल्या पर्गॅटवार या फ्रेंच नावाच्या नदीला तिथले गोरे पिकेटवायर म्हणत. मग कोलोरॅडोत राज्याच्या दर्जाचा लढा कसा झाला ते पाहू.

१८६५ मध्ये कोलोरॅडोच्या गोऱ्या मतदारांनी राज्यघटना मंजूर केली आणि काळ्यांना मताधिकार द्यायचा प्रस्ताव त्याच वेळी फेटाळला. त्याविरुद्ध डेन्व्हरमधले दोन काळे नागरिक उभे राहिले. बार्नी फोर्ड हा गुलामीतून पळून आलेला माणूस, पुढे हॉटेलांचा मालक झालेला. विल्यम जेफरसन हार्डिन हा न्हावी होता आणि फर्डा वक्ता. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी थेट वॉशिंग्टनकडे अर्ज केले, की आम्हाला मत नसेल तर कोलोरॅडोला राज्याचा दर्जा देऊ नका. गोऱ्या पुढाऱ्यांच्या दृष्टीने हे प्रगतीचे शत्रू ठरले. पण जानेवारी १८६७ मध्ये काँग्रेसने कायदा केला, की कुठल्याही केंद्रशासित प्रदेशात वर्णावरून मताधिकार नाकारता येणार नाही. पंधराव्या घटनादुरुस्तीच्या तीन वर्षे आधी! कोलोरॅडो राज्य झाले ते १८७६ मध्ये. हार्डिन पुढे वायोमिंग प्रदेशाच्या विधिमंडळात निवडून गेला.

म्हणजे खऱ्या पिकेटवायरच्या काठच्या प्रदेशात पॉम्पी पायरीवर बसून राहिला नव्हता. ती ओळ तो विसरलाही नव्हता. त्याने ती ओळ अर्जात लिहून राजधानीला पाठवली आणि मताचा कायदा करायला लावला. चित्रपटात राज्याच्या दर्जाला विरोध करणारे फक्त गुरांचे बडे मालक आहेत, आणि बाजूने सगळे सज्जन. या चौकटीत हार्डिन कुठे बसवणार? राज्य हवे, पण आमच्या हक्कासह हवे, ही तिसरी भूमिका दंतकथेला सोसत नाही.

ही तिसरी भूमिका आम्हाला चांगली ओळखीची आहे. गोलमेज परिषदेत बाबासाहेब स्वराज्य मागतात आणि त्याच श्वासात विचारतात, की सत्ता कुणाच्या हाती जाणार आणि आमच्या माणसांना संरक्षण कोणते? त्यांनाही देशद्रोही म्हटले गेले, अजून म्हटले जाते. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यु बॉइस यांना पत्र लिहिले आणि अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. अर्ज, घटना, मत या मार्गाने जाणाऱ्यांची एकमेकांना ओळख पटलेली होती.

चित्रपटात आणखी एक माणूस नाही. खरे तर माणसे. शायेन आणि अरापाहो. जमीन जणू रिकामीच होती, तिच्यावर भांडण फक्त गुरेवाले आणि शेतकरी यांचे. याच आग्नेय कोलोरॅडोत, सँड क्रीकच्या काठी, २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कर्नल शिव्हिंग्टनच्या सुमारे पावणेसातशे सैनिकांनी ब्लॅक केटल या म्होरक्याच्या तळावर पहाटे हल्ला केला. तळावर अमेरिकेचा ध्वज होता, पांढरे निशाण होते. किमान दीडशे माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य बायका, मुले, म्हातारे. प्रेतांची विटंबना झाली, कापलेले अवयव डेन्व्हरच्या नाट्यगृहात लोकांना दाखवले गेले. आणि 'रॉकी माउंटन न्यूज' या वृत्तपत्राने काय छापले? पराक्रमी लढाई जिंकली! दंतकथा छापणे म्हणजे काय ते इथे पाहा.

पण त्या दिवशी कॅप्टन सायलस सूल नावाचा एक गोरा अधिकारी हजर होता. त्याने आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही. वरिष्ठांना पत्र लिहून पाहिले ते कळवले, चौकशीत शिव्हिंग्टनविरुद्ध साक्ष दिली, आणि एप्रिल १८६५ मध्ये डेन्व्हरच्या रस्त्यात त्याला गोळी घालून मारले. वॉशिंग्टनच्या समितीने कत्तलीचा धिक्कार केला, पण शिक्षा एकालाही झाली नाही. तरी आज त्या जागेला लढाई म्हणत नाहीत, कत्तल म्हणतात. २००७ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. त्या वेळचा गव्हर्नर इव्हान्स, त्याचे नाव दिलेल्या पर्वतशिखराचे नावही २०२३ मध्ये बदलले गेले. दीडशे वर्षे लागली. पण सूलची पत्रे आणि साक्ष कागदावर राहिली म्हणूनच हे झाले. शिनबोनच्या संपादकासारखी ती कुणी शेगडीत टाकली असती तर?

आता बंदुकीच्या भक्तांकडे वळू. टॉम नसता तर स्टोडर्ड मेला असता, म्हणून कायदा हा बंदुकीचा आश्रित, हा त्यांचा युक्तिवाद. पडद्यावर तो पटतो, कारण लेखकाने व्हॅलन्स हा निखळ गुंड लिहिला आहे आणि अंधारातली रायफल नेमकी त्याच्यावरच रोखली आहे. खऱ्या पश्चिमेत अंधारातली रायफल कुणावर रोखली जाई? २ सप्टेंबर १८८५ रोजी वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्ज इथे गोऱ्या खाणकामगारांनी किमान २८ चिनी मजुरांना ठार मारले, त्यांची घरे जाळली. ज्यूरीने एकावरही आरोप ठेवला नाही. सुटून आलेल्यांचे गावात स्वागत झाले. त्या गावाच्या दृष्टीने तोच न्याय होता. झुंडीचा न्याय ज्याला मारतो त्याला आधी लिबर्टी व्हॅलन्स ठरवून घेतो.

आपल्याकडे हे वेगळे नाही. हैदराबादच्या बलात्कार-खून प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना ६ डिसेंबर २०१९च्या पहाटे मारले गेले. तारीख वाचा. घटनाकाराच्या महापरिनिर्वाण दिनी आपले लोक चैत्यभूमीवर रांगेत उभे होते, आणि तिकडे पोलिसांवर फुले उधळली जात होती, पेढे वाटले जात होते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये सांगितले की पोलिसांची कहाणी विश्वासार्ह नाही, गोळ्या ठार मारण्याच्या हेतूनेच झाडल्या, आणि चौघांतले तिघे अल्पवयीन होते. अहवालाच्या दिवशी पेढे वाटणारे कुठे होते? सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत मारला गेला तेव्हा मुंबईत 'बदला पुरा' असे फलक झळकले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला. त्याचे फलक आम्हाला कुठे दिसले नाहीत. या प्रकरणांतल्या पीडितांचे दुःख आम्ही तसूभरही कमी लेखत नाही. आमच्या मुली, बहिणी याच रस्त्यांवरून जातात. पण अंधारातली रायफल एकदा मान्य केली की ती उद्या कुणावर वळेल हे ज्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, त्यांना ती मान्य करता येत नाही. कोठडीत मेलेल्यांच्या घरी आम्ही कामानिमित्त जातो. तिथे वस्तीच दिसते, बंगला दिसत नाही.

('शोले'ची आठवण या निमित्ताने येते. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरने तो बदलायला लावला, पोलीस येतात आणि गब्बरला ताब्यात घेतात. साल १९७५, आणीबाणी. नागरिकांचे हक्क गोठवून बसलेले सरकार सिनेमातल्या ठाकुराला कायदा शिकवत होते.)

तेव्हा स्टोडर्डला आम्ही सोडून देतो का? मुळीच नाही. कायद्याची पुस्तके घेऊन आलेला हा माणूस न केलेल्या खुनाच्या कीर्तीवर जन्मभर निवडून येतो. त्याने खरे सांगितले तेही सगळे मिळवून झाल्यावर, टॉम पेटीत गेल्यावर. सिनेटमध्ये इतकी वर्षे बसून आपल्या शाळेतल्या त्या विद्यार्थ्यासाठी काय केले, याचा चित्रपटात एक शब्द नाही. त्या विद्यार्थ्याला ओळ शिकवणारा गुरुजी शेवटी त्याला देतो काय, तर नोटा. हक्काच्या जागी बक्षिसी. आपल्या राखीव मतदारसंघांतून निवडून गेलेल्या काही साहेबांनाही हा प्रसंग दाखवावा म्हणतो आम्ही.

राहिला छापण्याचा प्रश्न. ज्यांचे छापखाने असतात ते दंतकथा छापायची की नाही हे ठरवतात. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला नकार दिला होता. २००६ मध्ये खैरलांजी घडले तेव्हा पहिले कित्येक दिवस अनैतिक संबंधांची आणि गावकऱ्यांच्या संतापाची कहाणी छापली जात होती. ती कहाणी मोडली ती रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी आणि सत्यशोधन समित्यांनी, गावात जाऊन, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून. शिनबोनच्या संपादकाला दहा पावले चालवली नाहीत, आपल्या कार्यकर्त्यांनी भंडाऱ्याची वाट धरली.

चित्रपट पाहा, जरूर पाहा. आपल्या मुलांना घेऊन पाहा आणि मध्येच थांबवून त्यांना विचारा की आता पॉम्पी कुठे आहे. आमच्या अभ्यासिकेत पुढच्या महिन्यात फोर्डचाच १९६०चा 'सार्जंट रटलेज' दाखवणार आहोत. खोट्या आरोपात अडकवलेल्या काळ्या सैनिकाची ही गोष्ट, आणि तो सैनिक झाला आहे वुडी स्ट्रोड. अख्खी कथा त्याच्यावर उभी आहे. नामावलीत पहिले नाव मात्र जेफ्री हंटरचे आहे.